शाडूचं काम तीन गल्ल्या पलीकडच्या बाईला शिकवू का? बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या कारागिरांनी सांगा

वडगावची_वैनी

नमस्कार. आठ दिवस लिहू का नको करत होते, आज लिहितेच. मी बेळगावात वडगावला असते, शाडूचे घरगुती गणपती करते. काम मामंजींनी शिकवलं, लग्न होऊन आले त्याच पावसाळ्यात त्यांनी माती मळायला बसवलं, त्याला आता सोळा वर्षं झाली आणि मामंजी जाऊन सहा. गेल्या साली लहानमोठ्या मिळून २१० मूर्ती गेल्या, नऊ इंचापासून दीड फुटापर्यंत. मंडळाच्या मोठ्या मूर्ती आम्ही करत नाही.

माझ्या हाताखाली पाच वर्षं एक बाई होती, माती मळणं, साचे भरणं, पॉलिश पेपर मारणं, पांढरा हात देणं ही सगळी कामं ती करायची, हात चांगला, तोंडानं कमी. आमच्यापासून तीन गल्ल्या पलीकडं राहते. संक्रांत झाल्यावर घरी आली आणि चहा हातात घेऊनच म्हणाली, आक्का, यंदा मी आणि माझ्या दोन जावा मिळून घरीच पन्नास मूर्ती कराव्या म्हणतोय, तुमच्याकडनं सुटते, पण तडा न जाता माती कशी वाळवायची ते एकदा नीट सांगा आणि जमलं तर डोळे शिकवा. मी म्हटलं बघू.

तोंडावर विचारलं, चोरून काही नेलं नाही, म्हणूनच मला सरळ नाही म्हणवेना. पण होय म्हणायलाही जीभ उचलेना, कारण चार वर्षांपूर्वी एका पोराला मी मनापासून शिकवलं होतं. साच्याला सांधा कुठं घ्यायचा, पितांबराला रंग किती पातळ, सगळं. पुढच्याच साली त्यानं आमच्या बाजारातच मांडव घातला, मूर्तीमागं दोनशे रुपये कमी लावले, माझ्याच मूर्तींचे फोटो व्हॉट्सॲपवर स्वतःच्या म्हणून फिरवले आणि माझ्या वहीतल्या गिऱ्हाईकांना फोन लावले. तीसेक घरं गेली त्या वर्षी. पैशाचं एक वेळ सोडा, पण मामंजींच्या हातच्या साच्यातल्या मूर्तीचा फोटो दुसऱ्याच्या नावानं बघितला तेव्हा दोन दिवस जेवण गेलं नाही मला.

माझ्याकडं विद्या म्हणाल तर दोनच. एक माती, दुसरी आखणी. माती म्हणजे तडा जाऊ न देता वाळवणं, पावसात, आपल्या बेळगावच्या पावसात. आणि आखणी म्हणजे डोळे. मामंजी सांगायचे की ते ज्यांच्याकडं शिकले ते गुरू आखणीला बसले की मधे धोतराचा पडदा बांधायचे, पोरांनी बघू नये म्हणून. मामंजी अकरा वर्षं काम करून पडद्याच्या फटीतनं शिकले. मला मात्र त्यांनी समोर बसवून शिकवलं, पण दोन वर्षं आधी नुसत्या वर्तमानपत्रावर रेघा मारायला लावल्या.

आता सांगा, शिकवू का नको, आणि शिकवलं तर किती? तिला काय उत्तर देऊ? रविवारी परत येणार आहे.

अनगोळकर

वाचतोय. माझं मत नको असं आहे पण आधी बाकीच्यांचं बघतो.

सँड_आणि_साचा

वैनी, मी उद्यमबागला, म्हणजे आपल्या बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, पॅटर्न शॉपमधे आहे, २७ वर्षं झाली. फौंड्रीचं सांगतो, तुमच्या कामाला लागू पडतंय का बघा.

आमच्याकडं लोखंड ओतायच्या आधी लाकडाचा किंवा ॲल्युमिनियमचा पॅटर्न करतात, तो हव्या त्या मापापेक्षा थोडा मोठा घ्यावा लागतो कारण लोखंड गार होताना आकसतं, मोघम मीटरला दहा मिलिमीटर धरतात. आता हे पुस्तकात लिहिलेलं आहे, कुणीही वाचावं. पण जाड-बारीक भाग एकाच कास्टिंगमधे असले की कुठं किती सोडायचं, कुठं पोकळी पडणार, हे माझ्या उस्तादाला नुसतं बघून कळायचं. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. वहीसुद्धा कानडी-मराठी-स्वतःच्या खुणा अशी मिसळून लिहायचे. २००९ ला ॲटॅकनं गेले, वही आमच्या शेटनी आम्हाला दाखवली, चौघं बसलो, एक पान लागलं नाही. त्यानंतर दीड वर्ष त्या एका व्हॉल्व बॉडीची निम्मी कास्टिंगं परत यायची आणि शेवटी ती ऑर्डर बेळगावातनंच गेली. आमच्या शॉपमधनं नव्हे, गावातनंच गेली बघा. म्हणजे शेजारच्या फौंड्रीलाही मिळाली नाही.

उद्यमबागमधे असं बऱ्याचदा होतं की एकाला मोठी ऑर्डर येते, एकट्याला झेपत नाही, तो शेजाऱ्याला निम्मी देतो. शेजाऱ्याचा माल वाईट निघाला तर पार्टी दोघांनाही सोडते. म्हणून शेजाऱ्याचा माल चांगला निघणं ही माझी गरज असते. तुमच्याकडं कधी २१० च्या वर मागणी आली आणि नाही म्हणावं लागलं असं झालंय का?

वडगावची_वैनी

@सँड_आणि_साचा होय की. दरवर्षी जुलैनंतर नाहीच म्हणते. गेल्या साली चोर्ला घाटातनं गोव्याचे दोघं आले होते, चतुर्थीसाठी मातीच्याच मूर्ती पाहिजेत म्हणून, एकाला चाळीस हव्या होत्या. देऊ शकले नाही. कुठं गेले असतील कोण जाणे.

उस्तादांचं वाचून वाईट वाटलं.

आरीवर्क_हुक्केरी

मी स्पष्ट सांगते, ताई. नका शिकवू. निदान फुकट तर अजिबात नको.

मी ब्लाऊजवर आरीचं काम करते. कोरोनानंतर दोन ओळखीच्या बायकांना घरी बोलावून शिकवलं, सुई कशी धरायची, कापड फ्रेमला किती ताणायचं, मण्यांच्या मागनं दोरा कसा अडकवायचा म्हणजे धुतल्यावर गळत नाही. एक रुपया घेतला नाही, उलट चहापाणी माझं. सहा महिन्यांत दोघींनी लग्नसराईची ऑर्डर निम्म्या दरात घ्यायला सुरुवात केली. मण्यांमागं गाठ घालत नव्हत्या, वेळ वाचतो म्हणून, पहिल्या धुण्यात मणी गळायचे, आणि लोक माझ्याकडं येऊन म्हणायचे तुमच्याकडंच शिकल्यात ना त्या. म्हणजे गिऱ्हाईक पण गेलं आणि नाव पण.

तुमच्या त्या पोरानं केलं तेच ही करेल. पाच वर्षं तुमच्याकडं पगार घेतला, त्यात जे बघितलं ते तिचं. बाकी तुमचं. तुमच्या मामंजींनी अकरा वर्षं घालवली, तुम्ही सोळा, आणि कुणी चहाच्या कपावर ते मागायचं हे मला पटत नाही.

निपाणीकर_पायताण

आक्का, आमचं चपलेचं काम. कोल्हापुरी म्हणतात पण अथणी, मदभावी, निपाणी इकडं किती घरांत होतं ते आपल्या माणसांना म्हाईत आहे. २०१९ ला जीआय, म्हणजे अमुक माल अमुक भागाचाच असा सरकारी शिक्का, मिळाला तेव्हा कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर ह्या चार जिल्ह्यांबरोबर बेळगाव, बागलकोट, विजापूर, धारवाड पण त्यात आले. म्हणजे आठ जिल्ह्यांत मिळून एक विद्या.

आमच्यात विद्या एका घरात नसतेच. एक घर तळ कापतं, दुसऱ्या घरातल्या बायका वेणी घालतात, तिसरा वादीनं शिवतो, खिळा मारायचा नाही कुठं. कातडं बाभळीची साल नि हिरड्यात मुरवायचं ते तर वेगळेच लोक. माझ्या आईची वेणी बघून गल्लीतल्या दहा पोरी शिकल्या, आईचं काय कमी झालं नाही. आमचं जे गेलं ते शेजाऱ्यानं नेलं नाही. जोडी दारातनं ज्या भावात उचलली जाते आणि पुण्यामुंबईच्या दुकानात ज्या भावात लागते त्या दोन्हीच्या मधे गेलं. २०२५ च्या जूनला मिलानमधल्या शोमधे प्राडानं तसलीच चप्पल दाखवली नि आधी आपलं नावसुद्धा घेतलं नाही, तेव्हा सगळे ओरडले, पण इथला व्यापारी चाळीस वर्षं नाव घेत नाहीच की.

तुमच्या पोरानं फोटो चोरले ते वाईटच. पण नीट बघा, त्यानं तुमची माती चोरली का गिऱ्हाईकांची वही? आरीवाल्या ताईंचं पण तेच दिसतंय मला, सुईची विद्या कुठं गेली, दर पडला म्हणून नुकसान झालं. मग दराचं आधी बोलून घ्या की.

आरीवर्क_हुक्केरी

@निपाणीकर दर आधी बोलून घ्या म्हणणं सोपं आहे दादा. तोंडी बोललेलं कोण पाळतो? कागदावर लिहून घेऊ का शेजारणीकडनं?

निपाणीकर_पायताण

घ्या की लिहून. आमच्याकडं पट्ट्याच्या मजुरीचा दर गल्लीनं बसून ठरवलाय, मोडला त्याला पुढच्या वेळी कुणी उसना फर्मा देत नाही. येवढंच हत्यार हाय पण चालतंय.

खानापूरचा_कुंभार

बेंदराचे बैल, नागपंचमीचे नागोबा, पणत्या, हे आमचं. शाडू आमचा नव्हे, तो भावनगरकडनं पोत्यातनं येतो, आमची माती इथली. तरी मातीचं म्हणून लिहितो.

खानापुरात खादी ग्रामोद्योगची कुंभारकामाची मोठी संस्था आहे, लांबलांबनं पोरं शिकायला येतात, चाक, भट्टी, ग्लेझ सगळं शिकवतात. आमचे आजोबा सुरवातीला म्हणायचे, सगळ्यांना शिकवलं तर कुंभाराला कोण विचारणार. झालं उलटं. शिकून गेलेले बहुतेक दुसरीकडंच गेले आणि आमच्याच घरातली पोरं चाकावर बसंनात. माझा पोरगा हुबळीला मोबाईलच्या दुकानात आहे. चांगला आहे, त्याचं वाईट वाटत नाही. पण आज माझ्याकडं कुणी येऊन काका शिकवा म्हणालं तर मी त्याला जेवायला वाढून शिकवीन. तुमच्या दारात माणूस आलंय आक्का.

अनगोळकर

मी वर नको म्हटलं होतं, कारण सांगतो. धंदा सीझनचा आहे. वैनींचं वर्षाचं उत्पन्न त्या दीड-दोन महिन्यांवर. पन्नास मूर्ती म्हणजे २१० च्या मानानं जवळजवळ चौथा हिस्सा, आणि त्या तीन गल्ल्या पलीकडं. गिऱ्हाईक तेच. कुंभारकाकांचं दुखणं खरं आहे पण त्यांच्या धंद्यात शिकणारा नाही म्हणून दुःख, वैनींच्या धंद्यात शिकणारे आहेत म्हणून भीती. दोन्ही एका मापानं मोजू नका.

कंग्राळीचा_मूर्तीवाला

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. नाव दिसत नाही म्हणून लिहितो.

मी मूळचा पीओपीवाला. बारा वर्षं पीओपीच केलं. त्यात साचा भरला की वीस-पंचवीस मिनिटांत माल हातात, कारण ते पाणी घालून आपोआप घट्ट होतं, आकसत नाही. मग बंदीचा जोर वाढला, नदी-तळ्यात पीओपी सोडायचं नाही हे कर्नाटकात २०१६ पासूनच आहे, केंद्राच्या प्रदूषण मंडळानं २०२० ला नियम अजून कडक केले, अधनंमधनं माल उचलून न्यायला लागले. म्हटलं शाडू करू. २०२४ ला ऐंशी मूर्ती शाडूच्या केल्या. कुणाला विचारावं? दोघा जणांकडं गेलो, एकानं दारातनंच परत पाठवलं, दुसरा म्हणाला पावसाळा संपल्यावर ये. पावसाळा संपल्यावर काय करू मी. शेवटी यूट्यूब बघून केलं.

साच्यातनं काढल्या तेव्हा सुंदर दिसत होत्या. श्रावणात ऊन पडलं की बाहेर मांडायचो, पाऊस आला की आत, रात्री फॅन लावायचो. रंग लावेपर्यंत काही नाही. चतुर्थीच्या आदल्या दिवशी सगळ्या गेल्या. आणि चतुर्थीला पहाटे साडेपाचला दार वाजलं. नवरा-बायको, सोबत सात-आठ वर्षांची पोरगी, पाटावर लाल कापडाखाली मूर्ती. सोंड निखळून पडली होती, उजव्या खांद्याला बोट जाईल एवढा तडा. बाई रडत होत्या, अपशकुन झाला म्हणत होत्या. त्या पोरीनं सोंड रुमालात बांधून आणली होती. माझ्याकडं दुसरी मूर्ती नव्हती. मी ओळखीच्याकडनं पीओपीची मूर्ती माझ्या पैशानं आणून दिली, त्यांचे पैसे परत केले, पाया पडलो. त्या दिवशी अशा सहा मूर्ती परत आल्या.

ती सहाही घरं आता पीओपीच नेतात. शाडू तडकतो, आम्हाला नको, असं त्यांच्या सोसायटीत सगळ्यांना सांगतात. म्हणजे मी फक्त माझं गिऱ्हाईक घालवलं असं नाही. वडगावच्या वैनी, तुमचं पण घालवलं असेल.

मी ह्या वर्षी करतच नाही, पण त्या बाईला तुम्ही माती नाही सांगितली तरी ती मूर्ती करणारच आहे हे लक्षात घ्या. पन्नास घरांत जाणार त्या.

आरीवर्क_हुक्केरी

वाचून गप्प बसले थोडा वेळ. माझ्या बायकांनी मण्यांमागं गाठ घातली नाही तेच आहे हे. पण मी शिकवलं होतं आणि तरी नाही घातली. शिकवल्यानंतर बघायला पण पाहिजे कुणीतरी.

झेंडा_चौक

ह्या गावात टिळकांनी १९०५ ला झेंडा चौकात सार्वजनिक गणपती बसवला असं आपण अभिमानानं सांगतो, कपिलेश्वर तळ्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत विसर्जन चालतं ते दाखवायला पाहुणे बोलावतो, आणि मूर्ती कुठनं येतात विचारलं तर निम्म्या बाहेरच्या ट्रकमधनं. पलीकडं महाराष्ट्रात तर मुंबई हायकोर्टानं २०२५ च्या जूनमधे पीओपीच्या मूर्ती करायला परत मोकळीक दिली, विसर्जनावर अटी ठेवल्या तेवढंच. तो माल सीमेवरनं इकडं यायला कितीसा वेळ लागतो. वैनींची स्पर्धा त्या ट्रकशी आहे, तीन गल्ल्या पलीकडच्या बाईशी कमी.

खासबाग_माग

पलीकडचा ट्रक म्हणजे आमच्याकडं सुरतेचा ट्रक. शहापूर-खासबागला घराघरात माग होते, बापाच्या काळात एकानं पदराला नवीन डिझाईन काढलं की खिडकीला पोतं लावायचे, शेजाऱ्यानं बघू नये. शेजाऱ्यापासनं लपवलं आणि सुरतेनं तेच डिझाईन आठ दिवसांत छापून निम्म्या भावात आणलं. आता खिडकीला पोतं लावायची गरज नाही, आत मागच नाही. आमच्या ओळीत अकरा घरांपैकी दोन चालू आहेत. त्या दोन घरांत वहिफणी करणारा, म्हणजे मागावर ताण्याचे धागे ओवून देणारा माणूस एकच, तो आजारी पडला की दोन्ही घरं बंद.

अनगोळकर

@झेंडा_चौक मान्य, ट्रकचं माझ्या डोक्यात नव्हतं आलं. पण वैनींनी एकटीनं का सोसावं? शिकवायची फी घ्यावी, निदान पहिल्या वर्षी त्या बाईनं मूर्ती वैनींमार्फत विकाव्या, गोव्याची चाळीसची ऑर्डर आहेच की. मग गल्लीत दराची मारामारी पण नाही. आणि फोटो ज्याचे त्याचे, हे लिहूनच घ्या.

सँड_आणि_साचा

@अनगोळकर हे बरोबर बोललात. आमच्याकडं ह्याला जॉबवर्क म्हणतात आणि निम्मं उद्यमबाग त्याच्यावर उभं आहे.

वडगावची_वैनी

सगळ्यांचं दोनदा वाचलं. कंग्राळीच्या भाऊंचं तर आमच्या ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ती पोरगी आणि रुमालातली सोंड डोळ्यापुढनं हलत नाही.

भाऊ, तुमचं काय चुकलं ते मी सांगते, कारण ते समजून घ्यायला मला चार पावसाळे लागले होते आणि तुम्हाला दारातनं परत पाठवणाऱ्यांनी दहा मिनिटांत सांगितलं असतं. ऊन आणि फॅन, तिथंच झालं. माती वाळताना आकसते, पीओपी आकसत नाही. फॅन लावला की बाहेरची कातडी आधी वाळून आकसते, आत ओलच असतं, मग कातडीला जागा पुरत नाही आणि ती फाटते. कधी लगेच दिसतं, कधी आतल्या आत राहतं आणि रंगाखाली झाकलं जातं, मग घरी नेताना रिक्षात धक्का बसला की उघडतं. आणि सोंड, हात, कान हे तुम्ही बहुतेक धड निम्मं वाळल्यावर लावले असणार. वाळलेल्या खांद्याला ओला हात लावला की खांदा आकसायचा थांबलेला आणि हात अजून आकसणार, सांधा सुटणारच. दोन्ही एकाच ओलाव्याचे पाहिजेत, दोन्हीकडं खरवडून मधे ताकासारखी पातळ माती लावून दाबायचं. भिंतीची जाडी सगळीकडं सारखी, पाठीमागं जाड आणि पोटाला पातळ असं चालत नाही. पहिले चार दिवस ओल्या फडक्याखाली, मग कोरड्या फडक्याखाली, मग सावलीत उघडं, वारा नको. पाऊस लागून राहिला तर खोलीत लांब एक पिवळा बल्ब, त्याची ऊब पुरते.

हे लिहून झाल्यावर कळलं की मी आत्ता सगळ्यांसमोर ते सांगून मोकळी झाले. असो, बरं झालं.

रविवारी ती येईल तेव्हा मातीचं सगळं शिकवणार. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, चतुर्थी १४ सप्टेंबरला येते, गेल्या साली २७ ऑगस्टला होती, म्हणजे अडीच आठवडे जास्त मिळतात, शिकायला असं वर्ष परत लवकर येत नाही. फी घेणार नाही, पाच वर्षं तिनं माझ्याकडं कमी पगारात काढली आहेत, अक्षरशः कमी, मला माहीत आहे मी काय देत होते. पण पहिल्या वर्षी दर माझ्याएवढाच आणि फोटो स्वतःच्याच मूर्तीचे, हे दोन्ही कागदावर. गोव्याच्या माणसाचा नंबर शोधते.

डोळ्यांचं अजून मन होत नाही. खोटं कशाला सांगू.

कंग्राळीचा_मूर्तीवाला

वैनी. आठ-दहा वेळा वाचलं. फडक्याचं मला कुणीच सांगितलं नव्हतं. तुम्हाला चालणार असेल तर मी पण रविवारी येऊ का, मागं बसतो, काही बोलत नाही.

वडगावची_वैनी

या की. मागं कशाला, माती मळायला हात लागतातच. वडगावात आलात की मेसेज करा.

खानापूरचा_कुंभार

रविवारचं काय झालं आक्का?

वडगावची_वैनी

सगळे आले. ती, तिच्या दोन्ही जावा, कंग्राळीचे भाऊ आणि त्यांचा भाचा. कागद वाचून तिनं सही केली, राग नाही आला, उलट म्हणाली आक्का दर तुम्ही सांगितला ते बरं, आम्हाला सांगता येत नव्हता.

दुपारी एक गोष्ट झाली ती सांगते. मी गेल्या सालची एक राहिलेली मूर्ती काढून आखणीला बसले होते, नुसतं दाखवायला म्हणून, शिकवायला नाही. मामंजींची सवय, पापणीची वरची रेघ एका श्वासात, मग बुबुळ थोडं खाली उतरवायचं, कारण गणपती वर मखरात असतो आणि माणूस खाली पाटावर बसतो, नजर त्या बसलेल्यावर पडली पाहिजे. हे मी मोठ्यानं सांगत होते का मनात ते मला आठवत नाही. झाल्यावर मागं बघितलं तर ती खाली जमिनीवर बसून मूर्तीकडं बघत होती, बाकीचे सगळे उभे. ती म्हणाली, होय आक्का, बघतोय गणपती. मला मामंजी असे खाली बसून बघायचे ते आठवलं. प्रत्येक मूर्ती. मी कधी कुणाला ते सांगितलं नव्हतं, तिनं पाच वर्षं पॉलिश पेपर मारता मारता बघितलं होतं.

तिला जुनी वर्तमानपत्रं आणि मामंजींचा एक बारीक ब्रश दिला. रोज दोनशे रेघा, म्हटलं, दोन वर्षं. हो म्हणाली.

आरीवर्क_हुक्केरी

ताई, माझा नकार होता पण हे वाचून बरं वाटलं. कागदावर नेमकं काय लिहिलं ते इथं टाकाल का, मला पण एक मुलगी विचारतेय.

वडगावची_वैनी

टाकते संध्याकाळी, आमच्या ह्यांनी लिहिलाय, अर्धं पानच आहे.

कंग्राळीचा_मूर्तीवाला

वैनी एक विचारायचं राहिलं, मातीत कापूस किती घालायचा? मी रविवारी हातानं अंदाज घेतला पण घरी आल्यावर गाठी होतायत.

वडगावची_वैनी

गाठी होतात म्हणजे सुक्या मातीत घालताय. आधी कापूस पाण्यात पिंजून सोडा, एकेक धागा सुटा झाला पाहिजे, मग ते पाणीच मातीत ओता आणि रात्रभर ठेवा. सकाळी मळा, तासभर तरी. किती म्हणाल तर गोळा मोडून बघा, मोडल्या जागी बारीक केस दिसले पाहिजेत, पुंजका दिसला की जास्त झाला. नाही जमलं तर गोळा घेऊन या, गुरुवारी मी घरीच आहे.